तीन मुलाखती, पाच आठवडे शुकशुकाट आणि ड्राफ्टमध्ये पडलेली एक मेल

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतीच वाचक आहे, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल डिप्लोमा. नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीत सात वर्षं काढली, २०१५ ते २०२२. सीएनसी टर्निंगचे पार्ट, मुख्यतः दुचाकीचे बुश आणि स्पेसर. मग एकाच वर्षात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, नवऱ्याची पुण्याला बदली झाली आणि मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. राजीनामा दिला. आता सासूबाई काठी घेऊन सोसायटीत फेऱ्या मारतात, मुलगा शाळेत रुळलाय. राहायला मोशीत, म्हणजे चाकण आणि भोसरी दोन्ही हाताशी.

चार महिन्यांत ४३ अर्ज केले. वहीत तारखेसकट लिहून ठेवलेत, जुनी खोड. फोन आले सहा. मुलाखतीला बोलावलं दोनच ठिकाणी. पहिल्या ठिकाणी 'मुलाला कोण बघणार' यातच वीस मिनिटं गेली, कामाचं एक अक्षर नाही. दुसरीकडे, चाकणला, तीनदा बोलावलं. तिसऱ्या वेळी प्लांट हेडनी स्वतः लाइन दाखवली, कँटीनमध्ये जेवू घातलं, 'जॉइन कधी होता येईल' असंही विचारलं. त्याला आज पाच आठवडे झाले. फोन उचलत नाहीत. मेसेजवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही.

माझे प्रश्न दोन. पहिला कव्हर लेटरचा. माझं इंग्रजीत आहे, इथे मराठीत करून टाकते:

"आदरणीय महोदय/महोदया, आपल्या नामांकित कंपनीत क्वालिटी इंजिनिअर या पदासाठी मी अर्ज करत आहे. मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व सर्वांना सोबत घेऊन काम करणारी असून मला सात वर्षांचा अनुभव आहे. काही अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे माझ्या नोकरीत खंड पडला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. संधी दिल्यास मी तिचं सोनं करीन. सोबत बायोडेटा जोडला आहे. आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत."

नवरा म्हणाला, दहावीच्या पत्रलेखनात याला पाचपैकी साडेचार मिळाले असते. हे कौतुक होतं की टोमणा, ते मी विचारलं नाही.

दुसरा प्रश्न. चाकणवाल्यांना पाठवायला एक मेल लिहून ठेवलीय. तिचं शेवटचं वाक्य असं: "सप्लायरकडून एक लॉट उशिरा आला तर तुम्ही डेबिट नोट काढता. माझ्या वाया गेलेल्या तीन दिवसांची डेबिट नोट मी कोणाच्या नावाने काढू?" (डेबिट नोट म्हणजे नुकसानीपोटी पैसे कापल्याचा कागद.) हे वाक्य मला फार आवडलंय. पाठवू का?

टपरीवरचा
कव्हर लेटर कुणी वाचत नाही हो. मी तीन नोकऱ्या बदलल्या, एकदाही लिहिलं नाही. ओळखीतून बघा. मेल मात्र पाठवाच, वाक्य कडक आहे.

मायक्रोमीटर
टपरीवरच्यांचं अर्धं बरोबर आहे. मी भोसरी आणि नंतर चाकण मिळून २६ वर्षं क्वालिटीत होतो, त्यातली शेवटची १४ माणसं निवडणाऱ्या खुर्चीत. आता घरी आहे, म्हणून इतकं लिहायला वेळ आहे. पोर्टलवरच्या 'कव्हर लेटर' नावाच्या चौकटीत लोक जे चिकटवतात ते मी जवळपास कधीच पाहिलं नाही, कारण ते माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. एचआरकडून यायची ती एक्सेल आणि बायोडेटांचं फोल्डर. पण कुणी थेट मला मेल केली, किंवा ओळखीच्याने 'साहेब, हिचं बघा' म्हणून पुढे पाठवली, तर त्या मेलचा मजकूर म्हणजेच कव्हर लेटर. ते मी वाचायचो. शिफ्ट सुटताना, उभ्याउभ्या, फोनवर. अंगठ्याने वर सरकवायच्या आधी जितकं दिसतं तितकंच, म्हणजे पाच-सहा ओळी. त्यामुळे टपरीवरचे, ओळखीतून बघायचं म्हटलं तरी तुमचा ओळखीचा माणूस पुढे काय पाठवणार, हा प्रश्न उरतोच.

आता ताई, तुमच्या पाच-सहा ओळींत काय आहे? मेहनती, प्रामाणिक, सोबत घेऊन काम करणारी. क्वालिटीच्या भाषेत याला म्हणतात 'व्हिज्युअल ओके'. रिपोर्टवर एकही माप नाही. तुमच्याकडे इनकमिंगला असा रिपोर्ट आला असता तर तुम्ही लॉट सोडला असता?

'दिलगीर' हा शब्द आधी काढा. आपल्याकडून रिजेक्शन गेलं तर दिलगीर व्हायचं. आजारी माणसाचं केलं याबद्दल नाही.

आणि खंडाबद्दल खुर्चीतल्या माणसाच्या मनात खरं काय असतं ते सांगतो. 'का थांबलात' ही उत्सुकता असते, चिंता वेगळीच असते: ही बाई जिथे थांबली तिथून गाडी किती पुढे गेली, आणि ते हिला माहीत आहे का? एक उदाहरण देतो. तुमच्या कारखान्यात एफएमईए, म्हणजे काय बिघडू शकतं याचा आधीच मांडलेला तक्ता, कसा भरायचा? सिव्हिरिटी, ऑकरन्स, डिटेक्शन यांचा गुणाकार करून आरपीएन काढायचा, तसाच ना? २०१९ च्या नव्या हँडबुकमध्ये, जे अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योगाने मिळून काढलं, आरपीएन गेला आणि ॲक्शन प्रायॉरिटी आली: हाय, मीडियम, लो. छोट्या कारखान्यांत जुनेच फॉर्म चालू राहिले. तुम्ही ते वाचलं असेल तर पत्रात लिहा, वाचलं नसेल तर आधी वाचा आणि मग लिहा. 'मी या काळात स्वतःला अद्ययावत ठेवलं' या वाक्याला काही वजन नाही, 'आरपीएनऐवजी ॲक्शन प्रायॉरिटीने एक जुना एफएमईए परत करून पाहिला' याला आहे.

मेलचं नंतर बोलू. आधी मला सात वर्षांतला एकच प्रसंग सांगा, ज्यात तुमच्यामुळे काहीतरी बिघडायचं वाचलं. आकड्यांसकट. आणि पीपॅपच्या, म्हणजे पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घेताना द्यायच्या कागदपत्रांच्या, अठरा मुद्द्यांपैकी तुमच्या हातचे किती, तेही. टीमने केलेले नकोत.

गोदाकाठची
काका, 'व्हिज्युअल ओके' वाचून कान लाल झाले.

प्रसंग सांगते. एका बुशची कस्टमरकडून तीन महिन्यांत दोनदा तक्रार आली, प्रेस होताना अडकतो. ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, वरच्या मर्यादेबाहेर. आमचे रिपोर्ट सगळे ओके, कारण आम्ही सकाळचे पहिले पाच नग मोजायचो. एकदा लाइनवरचा ऑपरेटर सहज बोलून गेला, 'मॅडम, जेवणाच्या सुट्टीनंतरचा पार्ट गेजमध्ये टाइट जातो.' मग मी तासातासाला मापं घेतली. इन्सर्ट, म्हणजे मशिनचं कापणारं पातं, चारशे नगांनी बदलायचं ठरलेलं होतं, पण अडीचशेच्या पुढे तो झिजून ओडी वर सरकत होता. अडीचशेला बदलायला लावला. चार महिन्यांत लाइन रिजेक्शन २.८ टक्क्यांवरून ०.६ वर आलं. त्या पार्टची तक्रार मी नोकरी सोडेपर्यंत, म्हणजे पुढची दोन वर्षं, आली नाही. इन्सर्टचा खर्च वाढला म्हणून प्रॉडक्शन मॅनेजर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत ते वेगळं.

पीपॅपमध्ये कंट्रोल प्लॅन, एमएसए (मापनपद्धतीची तपासणी) आणि डायमेन्शनल रिपोर्ट पूर्ण माझे. एफएमईएला टीममध्ये बसायचे, पण लिहायचे साहेब. आणि हो, आरपीएनच. ॲक्शन प्रायॉरिटी हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला.

वाकडवाट
मध्येच बोलते. मी वाकडला एका रिक्रूटमेंट एजन्सीत आहे, उत्पादन क्षेत्राच्या जागा भरते. काकांना थेट मेल यायची, माझ्याकडे शोधयादी येते, त्यामुळे माझ्या टेबलावरचंही ऐका.

पोर्टलवर मी शोधते तेव्हा नोटिस पीरियडचा फिल्टर लावते. लोक नव्वद-नव्वद दिवस अडकलेले असतात आणि कारखान्याला माणूस पंधरा दिवसांत हवा असतो. ताई, तुम्ही लगेच रुजू होऊ शकता. खंडाचा हा एक फायदा आहे आणि तुमच्या पत्रात तो कुठेच नाही. विषयाच्या ओळीत टाका. पत्ता 'मोशी' हेही टाका, कारण चाकणच्या ट्रॅफिकमुळे कोथरूडवरून येणारा माणूस सहा महिन्यांत सोडतो हे आमच्या क्लायंटना पाठ झालंय.

तारखा खऱ्या लिहा. हे तुम्हाला उद्देशून नाही, वाचणाऱ्या इतरांना. दोन वर्षांचा खंड झाकायला जुन्या नोकरीची तारीख पुढे ढकलणारे आठवड्याला एक तरी भेटतात. पीएफच्या पासबुकात कोणत्या महिन्यापर्यंत वर्गणी जमा झाली ते दिसतं आणि पडताळणीवाले यूएएन मागतात. पकडलं गेलं की खंड बाजूला राहतो आणि खोटं पुढे येतं.

काकांशी एका बाबतीत माझं जमत नाही. 'आजारी माणसाचं केलं' वगैरे पत्रात अजिबात नको. 'कौटुंबिक जबाबदारीमुळे २०२२ पासून थांबले होते, ती आता संपली आहे', बस. सासूबाई, अर्धांग लिहिलं की वाचणारा लगेच मनात म्हणतो, परत आजारी पडल्या तर? पुरुषांनी वडिलांच्या आजारपणाचं लिहिलं की 'संस्कारी मुलगा', बाईने लिहिलं की 'ही सुट्ट्या घेणार'. अन्याय आहे, पण मी रोज टेबलापलीकडून हे ऐकते.

'मुलाला कोण बघणार' याचं उत्तरही तयार ठेवा. एका वाक्यात: 'त्याची सोय झालेली आहे, फर्स्ट आणि जनरल शिफ्टला अडचण नाही, सेकंडला कंपनीची बस असेल तर तीही करीन.' आणि लगेच, श्वास न घेता, 'तुमच्याकडे या पार्टला कोणत्या तक्रारी येतात?' विषय बदलायचा हक्क उमेदवारालाही असतो. वीस मिनिटं तुम्ही नम्रपणे खुलासे देत बसलात म्हणून ती वीस झाली.

फाइलचं नाव 'बायोडेटा फायनल २' ठेवू नका. नाव, पद, वर्षं. रोज माझ्या डाउनलोडमध्ये तीस 'रेझ्युमे' येऊन पडतात, त्यातला तुमचा कोणता ते मी शोधत बसत नाही. आणि नोकरीसाठी कुणी रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, कशाच्याही नावाने पैसे मागितले तर फोन ठेवा. आम्हाला पैसे कंपनी देते.

मायक्रोमीटर
वाकडवाट यांचं खंडाबद्दलचं म्हणणं मान्य. खुर्चीत मी होतो, पण टेबलापलीकडे बाई म्हणून कधी बसलो नाही.

ताई, तुमचा प्रसंग पाहा. यात सगळं आहे आणि पत्रात काहीच नव्हतं. मी मराठीत मांडतो, इंग्रजी तुम्ही करा. साधं करा. 'काइंडली डू द नीडफुल' दिसलं तर मी परत येईन.

विषय: क्वालिटी इंजिनिअर, सीएनसी टर्निंग, ७ वर्षं, मोशी, लगेच रुजू होऊ शकते

"नमस्कार. तुमच्या चाकण प्लांटमधल्या क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी लिहीत आहे. जाहिरातीत कस्टमर कंप्लेंट आणि पीपॅप ही कामं सगळ्यात वर आहेत, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते.

सातपूरला आमच्या एका बुशची ओडी जास्त असल्याची तक्रार तीन महिन्यांत दोनदा आली. लाइनवरच्या ऑपरेटरने सांगितलेल्या एका गोष्टीवरून मी तासातासाची मापं घेतली. इन्सर्ट ठरलेल्या चारशे नगांच्या बऱ्याच आधी झिजतो असं दिसलं, तो अडीचशेला बदलायला सुरुवात केली. चार महिन्यांत लाइन रिजेक्शन २.८ वरून ०.६ टक्क्यावर आलं आणि पुढची दोन वर्षं त्या पार्टची तक्रार आली नाही. पीपॅपमधले कंट्रोल प्लॅन, एमएसए आणि डायमेन्शनल रिपोर्ट मी स्वतः करत असे.

कौटुंबिक जबाबदारीमुळे २०२२ पासून थांबले होते, ती आता संपली आहे. मोशीत राहते, लगेच रुजू होऊ शकते. बायोडेटा जोडला आहे."

ॲक्शन प्रायॉरिटीचं वाक्य मुद्दाम घातलं नाही. करून पाहा, मग घाला. ऑपरेटरला मात्र पत्रातून काढू नका. क्वालिटीचा माणूस शॉपफ्लोअरवर टिकतो तो ऑपरेटर त्याला सांगतात म्हणून, आणि तुम्ही त्याचं श्रेय त्याला देता हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. प्रॉडक्शन मॅनेजरचा अबोला पत्रात नको. तो मुलाखतीत हसत सांगायचा.

पहिली दोन वाक्यं प्रत्येक जाहिरातीगणिक बदलायची. मधला परिच्छेद बदलायचा नाही. ४३ अर्जांना ४३ नवी पत्रं लिहायला कुणी सांगत नाही.

पाठवण्याआधी पत्राचा गेज आर अँड आर करा, म्हणजे तीच वस्तू वेगवेगळ्या माणसांनी मोजली तर माप जुळतं का ते पाहा. दोन माणसांना वाचायला द्या, एक आपल्या धंद्यातला आणि एक बाहेरचा. दोघांना वेगवेगळं विचारा, 'मी काय केलं?' दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली तर दोष त्यांच्यात नाही, मापनपद्धतीत आहे. नवरा चालेल बाहेरचा म्हणून. दहावीचे मार्क देऊ नका म्हणावं.

आणि तुमच्या भागातली एक बारीक गोष्ट. भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवारी संध्याकाळी पाठवलेली मेल शुक्रवारी सकाळी दीडशे मेलच्या खाली सापडते, किंवा सापडत नाही.

आता ती ड्राफ्टमधली.

त्या शांततेमागे काय असतं ते सांगतो, कारण मी ती अनेकदा पाळलीय. एकदा आम्ही एका मुलाला तीनदा बोलावलं, जवळजवळ 'हो' म्हटलं. ज्याच्या जागी घ्यायचा होता त्याने राजीनामा मागे घेतला. एचआर म्हणाले, नाही म्हणू नका, हा परत देईल. दिला नाही. दुसऱ्या वेळी कस्टमरने नव्या मॉडेलची तारीख सहा महिने पुढे ढकलली, वरून जागा 'होल्ड' झाली आणि होल्ड आहे हे बाहेर सांगायची परवानगी मला नव्हती. तुमच्या प्लांट हेडच्या हातात 'हो' असतं तर ते तेव्हाच मिळालं असतं. निळ्या टिका बघून 'मुद्दाम टाळतात' असं वाटतं, पण पलीकडे बहुतेक वेळा कुणीतरी 'काय सांगू' म्हणून फोन उलटा ठेवलेला असतो. हे चांगलं वागणं नाही. मीही चांगला वागलो नाही.

त्या पहिल्या मुलाने मला तुमच्यासारखीच मेल पाठवली होती. तुमच्या वाक्याइतकी चांगली नव्हती, पण खरी होती. पुढे त्याच जागेसाठी दुसरं नाव निघालं तेव्हा मी त्याला फोन केला नाही. रागाने नव्हे, लाजेने. त्याच्याशी बोलायला तोंड नव्हतं. नुकसान त्याचं झालं आणि चूक माझी होती. म्हणून पाठवू नका. सभ्य मेल पाठवली की नोकरी मिळते असं मी म्हणणार नाही. सभ्य मेल मला पुष्कळ आल्या, त्यातल्या बहुतेकांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. पण त्यांना फोन करताना मला लाज वाटली नसती, एवढाच फरक.

दोन ओळी लिहा: 'अमुक तारखेच्या भेटीनंतर निर्णय कळला नाही. जागा थांबली असेल तर तसं कळवलंत तरी चालेल, मी इतर ठिकाणीही बोलते आहे.' आणि डेबिट नोटचं वाक्य वहीत उतरवून ठेवा. कुठल्यातरी सप्लायर मीटिंगमध्ये कामाला येईल.

टपरीवरचा
काका, मी 'पाठवाच' म्हणालो होतो ते मागे घेतो. माझंही एक पत्र आहे बघा, इथे टाकू का?

वाकडवाट
वेगळा धागा काढा हो.

ताई, एक राहिलं. मेल लिहिताना 'प्रति'ची चौकट शेवटी भरा. आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेली मेल मागे घ्यायची मुदत पाच सेकंद असते, ती तीस करून ठेवा.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. चार दिवसांचा हिशोब देते.

गेज आर अँड आर केला. जुन्या कारखान्यातली मैत्रीण म्हणाली, 'तू टूल लाइफ बदललीस.' नवरा म्हणाला, 'ऑपरेटरने सांगितलं ते ऐकलंस.' दोन वेगळी उत्तरं आली, म्हणून काळजीत होते, पण दोन्ही खरी आहेत. काका, हे पास की फेल?

जुन्या बुशचा एफएमईए आठवून नव्या पद्धतीने केला. पूर्वी आरपीएन ८४, म्हणजे कमी, म्हणून सोडून दिलेली ओळ आता हाय आली. रात्री अकराला एकटीच हसत होते.

चाकणला दोन ओळींची मेल गेली. उत्तर आलं! 'पोझिशन ऑन होल्ड, विल गेट बॅक.' पाच आठवड्यांनी सहा शब्द, पण वहीत 'प्रलंबित' लिहायला काहीतरी मिळालं.

आता घोटाळा. काल भोसरीच्या एका ठिकाणी नवीन पत्र पाठवलं. विषय बरोबर, पहिली दोन वाक्यं त्यांच्या जाहिरातीप्रमाणे, बुधवार टाळून मंगळवारी, 'प्रति' सगळ्यात शेवटी. आज सकाळी पाहिलं तर बायोडेटाच्या जागी मुलाच्या शाळेच्या फीची पावती जोडलीय. दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये होत्या. तीस सेकंद केव्हाच गेले. आता काय करू? माफीचं लिहू?

मायक्रोमीटर
आर अँड आर पास. दोघांनी एकच पार्ट दोन बाजूंनी मोजला.

घोटाळ्याचं: आत्ता, लगेच, त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. 'काल चुकीची फाइल जोडली गेली. बायोडेटा सोबत आहे.' दोन वाक्यं. कशामुळे, कोणत्या फोल्डरमुळे, मुलगा कितवीत, काही नको. आज मंगळवारनंतरचा बुधवार आहे, दुपारच्या आत जाऊ द्या.

पावतीवर फी पूर्ण भरलेली दिसते ना? मग हरकत नाही.